नाशिकच्या गच्चीवरून सूर्य-चंद्राची ओळख: पालक आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शक

प्राथमिक शाळेतील मुलांना सूर्य आणि चंद्र शिकवताना बहुतेक वेळा आकड्यांपासून सुरुवात केली जाते. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतरावर आहे, हे चौथीतले मूल घडाघडा म्हणून दाखवते. परंतु त्याच दिवशी सकाळी शाळेच्या वाटेवर आकाशात असलेला अर्धा चंद्र त्याने पाहिलेला नसतो, आणि चंद्र दिवसाही दिसतो असे सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून येथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आकाशात काय घडते ते मुलांनी आधी स्वतः पाहावे, मग ते तसे का घडते याचा अंदाज बांधावा, आणि आकडा त्यांच्या हाती सर्वांत शेवटी द्यावा.

यासाठी लागणारे साहित्य घरातच असते: एक मीटर लांबीची सरळ काठी, खडू, मोजपट्टी, पांढरा चेंडू, लहान आरसा, पुठ्ठा, एक वही आणि तिथी छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका. दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नये. नुसत्या डोळ्यांनी महिनाभर चंद्र पाहिल्याशिवाय हातात दुर्बीण आली, तर मूल चंद्रावरची विवरे पाहते आणि चार दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते.

नाशिकमध्ये जूनपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत आकाशाचा भरवसा नसतो, त्यामुळे दसऱ्यानंतर सुरुवात करणे सर्वांत सोयीचे. तेव्हापासून मे महिन्यापर्यंत आकाश बहुधा निरभ्र राहते. पूर्वेला ओझर-निफाडकडचा सपाट प्रदेश आणि पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग असल्यामुळे या शहरात उगवती आणि मावळती दोन्हीकडे निरीक्षणासाठी चांगल्या खुणा मिळतात. दोन्ही क्षितिजे दिसतील अशी गच्ची मिळाली तर उत्तम. ती न मिळाल्यास गंगापूर धरणाच्या परिसरात किंवा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर एखादी संध्याकाळ घालवता येते.

पहिला नियम

कोणताही प्रयोग सुरू करण्यापूर्वी मुलांना एक नियम निक्षून सांगावा: सूर्याकडे थेट पाहायचे नाही. गॉगल, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, जुनी सीडी किंवा पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही सुरक्षित नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना ती कळत नाही, आणि झालेली इजा पुष्कळदा भरून येत नाही. ग्रहणाच्या वेळी आयएसओ १२३१२-२ या मानकाचे, ओरखडा न पडलेले चष्मे वापरावेत. एरवी सूर्य पाहायचा तो त्याच्या सावलीतून आणि कागदावर किंवा भिंतीवर पाडलेल्या प्रतिमेतून. पुढील सर्व कृती याच पद्धतीच्या आहेत.

काठीची सावली

गच्चीवर किंवा अंगणात मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि साडेअकरा ते दीड या वेळेत दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकावर खडूची खूण करावी. सावली सर्वांत आखूड कधी होईल, असे आधी विचारले तर मुले हमखास “बारा वाजता” असे उत्तर देतात. प्रत्यक्षात बारा वाजून जातात तरी सावली आखूड होतच राहते, आणि साधारण साडेबारानंतर ती पुन्हा वाढू लागते. हा गोंधळ घड्याळाचा आहे, सूर्याचा नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून, म्हणजे उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरते, तर नाशिक सुमारे ७३.८ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून मिर्झापूरच्या माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आलेला सूर्य नाशिकच्या तशाच रेषेवर यायला सुमारे ३५ मिनिटे जास्त घेतो. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे ही वेळ वर्षभर थोडी पुढेमागे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.१८च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२.४९च्या सुमारास येते. लहान मुलांना इतके तपशील सांगण्याची गरज नाही, मात्र सातवी-आठवीतील मुलांनी दर महिन्याला ही वेळ नोंदवली तर त्यांना हा बदल स्वतःच सापडतो.

सर्वांत आखूड सावलीची रेषा बरोबर उत्तर-दक्षिण असते. ती रंगाने कायमची आखून ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या निरीक्षणांना दिशा लागणार आहेत, आणि मोबाईलमधील होकायंत्रापेक्षा ही रेषा अधिक भरवशाची आहे.

आता हीच नोंद दर महिन्याच्या २१ तारखेच्या आसपास घ्यावी. डिसेंबरमध्ये नाशिकला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश चढतो आणि मीटरभर काठीची सावली ९५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. त्यानंतर ती दर महिन्याला आखूड होत जाते आणि २० मेच्या सुमारास भर दुपारी नाहीशी होते. नाशिकचे अक्षांश २० अंश उत्तर आहेत, आणि त्या सुमारास सूर्य बरोबर २० अंश उत्तरेवर पोहोचलेला असतो. हाच आपला शून्य सावली दिवस. त्या दुपारी साडेबाराच्या सुमारास वर्गातील सर्व मुलांना मैदानात उभे करावे, म्हणजे प्रत्येकाची सावली त्याच्या पायाखाली सापडेल. असा दुसरा दिवस २३ जुलैच्या आसपास येतो, परंतु तेव्हा पावसाळी ढगांमुळे तो बहुधा हुकतो.

या दोन दिवसांच्या मधल्या काळात जे घडते ते पाठ्यपुस्तकांत क्वचितच ठळकपणे येते, म्हणून ते अवश्य दाखवावे. सूर्य तेव्हा नाशिकच्या माथ्याच्याही उत्तरेला गेलेला असतो, त्यामुळे दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला ती सुमारे ६ सेंटिमीटर असते. आपल्याकडे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो, असे ठामपणे सांगणाऱ्या मोठ्या माणसांनाही ही सावली दाखवण्यासारखी आहे. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे सावली कधीच नाहीशी होत नाही आणि दक्षिणेकडेही वळत नाही.

सूर्य पूर्वेला उगवतो का?

उत्तर असे आहे की वर्षातून दोनच दिवस तो बरोबर पूर्वेला उगवतो. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो रविवारी, उगवतीच्या वेळी गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उभे राहून क्षितिजावर प्रकाश कुठून फुटतो ते पाहावे, आणि बिंब वर येण्यापूर्वीच त्या जागेची समोरच्या इमारतीवरून, टाकीवरून किंवा झाडावरून खूण वहीत काढावी. सहा महिन्यांत ही खूण मोठा पल्ला सरकते. नाशिकमध्ये २१ जूनच्या सुमारास सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तेवढाच दक्षिणेला उगवतो. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते, म्हणजे उगवतीची जागा वर्षभरात पाच मुठी इकडून तिकडे सरकते. मूठ हे मोजमाप मुलांना लवकर साधते. हात लहान असला तरी मूठही लहान असते, त्यामुळे हिशेब जवळपास तोच येतो.

गोदाकाठच्या सुंदरनारायण मंदिराविषयी असे सांगितले जाते की २१ मार्चला उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात. २१ मार्च हा विषुवदिनाचा सुमार आहे आणि त्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, हे मुलांना माहीत झाले की त्यांना एक प्रश्न विचारावा: मग असा योग वर्षातून आणखी एकदा यायला हवा, तो कधी? सप्टेंबरच्या २२-२३ तारखेपर्यंत जे मूल स्वतः पोहोचते, त्याला पुढचे फारसे समजावून द्यावे लागत नाही.

येथेच मकर संक्रांतीचा विषय निघतो. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते, असे घरोघरी सांगितले जाते. परंतु मुलांच्या वहीतील खुणा दाखवतात की सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळलेला असतो. दोन्ही गोष्टींत पूर्वी अंतर नव्हते. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक संथ फेरा पूर्ण करतो, त्यामुळे ताऱ्यांवरून ठरणारा सूर्याचा मकर राशीतील प्रवेश आणि प्रत्यक्ष उत्तरायण यांच्यात आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. आजीचे म्हणणे चूक ठरवण्यापेक्षा हे कारण सांगावे; आजीलाही ते आवडते.

ऋतूंविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज असा की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. तो दूर करायला नाशिक जिल्ह्याइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात आणि द्राक्षबागायतदार बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होते. ऋतू होतात ते २३.४ अंशांच्या कलामुळे: हिवाळ्यात सूर्यकिरण तिरपे पडतात आणि दिवसही लहान असतो. नाशिकचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून किंचित कमी, तर सर्वांत मोठा सव्वातेरा तासांहून थोडा अधिक असतो.

मुलांनी स्वतः केलेले सूर्याचे मोजमाप

ही कृती पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी आहे आणि माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शकातील सर्वांत मोलाची आहे, म्हणून ती घाईने उरकू नये. लहान आरशावर कागद चिकटवून त्यात पाच मिलिमीटर व्यासाचे भोक ठेवावे. आरसा उन्हात एखाद्या स्टुलावर पक्का बसवून त्याचा कवडसा समोरच्या अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर पाडावा. आरशापासून भिंतीपर्यंतचे अंतर बरोबर १० मीटर ठेवावे. आरशात कोणीही डोकावू नये, यावर एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवावे.

भिंतीवर गोल कवडसा दिसेल. कागदातील भोक चौकोनी केले तरी कवडसा गोलच राहतो, यावरून ती भोकाची नव्हे तर सूर्याची प्रतिमा आहे हे मुलांच्या लक्षात येते. तिचा व्यास मोजल्यास तो ९ ते १० सेंटिमीटरच्या दरम्यान भरतो. काटेकोर मोजमाप ९.३ सेंटिमीटर आहे, आणि कडा धूसर असल्यामुळे थोडी चूक होते. आता हिशेब सोपा आहे. १,००० सेंटिमीटर अंतरावर प्रतिमा ९.३ सेंटिमीटरची असेल, तर १५ कोटी किलोमीटर अंतरावर असलेला सूर्य किती मोठा असेल? त्रैराशिक मांडले की उत्तर सुमारे १३.९ लाख किलोमीटर येते, आणि तोच सूर्याचा व्यास आहे. एखाद्या गटाचे उत्तर साडेचौदा लाख आले तरी ते खोडू नये. शेजारी खरा आकडा लिहावा आणि फरक कशामुळे पडला असेल याची चर्चा करावी.

कवडसा भिंतीवर स्थिर राहत नाही, तो हळूहळू सरकतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पृथ्वी फिरते याचा इतका सरळ पुरावा घरात बसून क्वचितच मिळतो.

चंद्रासाठी दिनदर्शिका

मराठी घरात चंद्राचे वेळापत्रक भिंतीवर टांगलेलेच असते. दर महिन्याच्या संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहिली जाते आणि ती बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान असते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यानंतर तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवत जातो. तेव्हा वद्य चतुर्थीला तो एवढ्या उशिरा का उगवतो, याचे गणित मुले स्वतः करू शकतात. त्याच हिशेबाने वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे गोकुळाष्टमीच्या रात्री जन्माची वेळ होते तेव्हा तो क्षितिजावर येत असतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी उगवून मध्यरात्री मावळतो, आणि अमावास्येचा चंद्र सूर्याबरोबरच उगवून त्याच्याबरोबर मावळतो, म्हणून दिसत नाही.

निरीक्षणाची सुरुवात भाऊबीजेच्या संध्याकाळी करावी. सूर्य मावळल्यानंतर अर्ध्या तासाने पश्चिमेला बारीक कोर दिसू शकते. द्वितीयेला ती हुकली तर तृतीयेला नक्की सापडते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता चंद्राची जागा, त्याचा आकार आणि उजळ बाजू कोणत्या दिशेला आहे हे वहीत चितारावे. चंद्र सूर्यापासून रोज सुमारे १२ अंश, म्हणजे एका मुठीहून थोडा अधिक, पूर्वेकडे सरकतो, आणि दिनदर्शिकेतील एक तिथी म्हणजे हेच १२ अंशांचे अंतर. तीस तिथींत ३६० अंशांचा फेरा पूर्ण होतो. पौर्णिमेनंतर संध्याकाळी चंद्र दिसेनासा झाला की निरीक्षण सकाळी सात वाजता हलवावे. वद्य अष्टमीला शाळेच्या वेळी अर्धा चंद्र माथ्यावरून किंचित पश्चिमेला कललेला असतो, आणि दिवसा चंद्र दिसतो ही गोष्ट तेव्हा वेगळी सांगावी लागत नाही.

महिनाभराच्या चित्रांतून मुलांना एक नियम सापडला पाहिजे: चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. तो त्यांनी शोधेपर्यंत आपण सांगू नये. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेस येईल. पुस्तकांतील चित्रांत कोर उभी काढलेली असते, परंतु आपल्या अक्षांशावर फाल्गुन-चैत्रातील संध्याकाळची कोर बरीचशी आडवी, टोके वर केलेली दिसते, तर भाद्रपद-आश्विनात ती बरीच उभी असते. मुलांनी आडवी कोर काढली म्हणून चित्राला लाल शेरा देणाऱ्या शिक्षकांनी एकदा मार्चमध्ये पश्चिमेकडे पाहावे.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा गैरसमज मोठ्यांमध्येही आढळतो. तो काढण्याचा उत्तम उपाय शुद्ध अष्टमीच्या दुपारी करता येतो. साडेचारच्या सुमारास पश्चिमेला सूर्य आणि पूर्व-आग्नेयेच्या बाजूला उंचावर अर्धा चंद्र, असे दोन्ही एकाच वेळी आकाशात असतात. मुलांनी सूर्याकडे पाठ करून उन्हात उभे राहावे आणि पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरावा. चेंडूवर जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्रावर दिसतो आणि त्याच बाजूला दिसतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते, चंद्र त्या दिशेला मुळीच नाही, आणि तरीही तो अर्धाच उजळलेला आहे. नवमी-दशमीला पुन्हा पाहिले तर चेंडूवरचा उजळ भागही वाढलेला असतो. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून चेंडू डोक्याभोवती फिरवण्याचा नेहमीचा प्रयोग त्यानंतर करावा. आधी केला तर तो केवळ दिव्याचा खेळ वाटतो.

कलांचे चक्र २९.५ दिवसांचे असते. चंद्र पृथ्वीभोवतीची एक प्रदक्षिणा २७.३ दिवसांत पूर्ण करतो, परंतु तेवढ्या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असल्यामुळे पुन्हा पौर्णिमा यायला दोन दिवस जास्त लागतात. असे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सौरवर्षापेक्षा ११ दिवस कमी पडतात. दिवाळी दरवर्षी अलीकडे का सरकते आणि मग एखाद्या वर्षी एकदम पुढे का जाते, हा मुलांचा आवडता प्रश्न आहे. हे ११ दिवस साठत गेले की अधिक महिना घालून हिशेब जुळवला जातो, जसा २०२३ मध्ये श्रावण अधिक आला होता.

द्राक्ष आणि ज्वारीचा दाणा

आकार आणि अंतरे समजावताना नाशिकची द्राक्षे उपयोगी पडतात. सुमारे १८ मिलिमीटर व्यासाचे गोल द्राक्ष म्हणजे पृथ्वी मानली, तर ५ मिलिमीटरचा ज्वारीचा टपोरा दाणा हा चंद्र होतो आणि तो द्राक्षापासून ५४ सेंटिमीटरवर ठेवावा लागतो. सूर्यासाठी खडूने सुमारे दोन मीटर व्यासाचे वर्तुळ काढावे आणि द्राक्षापासून २११ मीटर अंतर चालत जावे. वर्गात हे जमणार नाही. गोदाकाठचा एखादा सरळ रस्ता निवडावा. दाणा कुठे ठेवायचा हे आधी मुलांनाच ठरवू द्यावे. बहुतेक मुले तो द्राक्षाला जवळजवळ चिकटवून ठेवतात, कारण पुस्तकातील चित्रांत चंद्र पृथ्वीच्या शेजारीच काढलेला असतो.

यानंतर आकडे द्यावेत. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि चंद्राचा ३,४७४ किलोमीटर आहे. सूर्याच्या व्यासावर १०९ पृथ्व्या ओळीने मावतात. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट दूर आहे, त्यामुळे आकाशात दोघेही अर्ध्या अंशाचे, म्हणजे सारखेच दिसतात. पौर्णिमेचा चंद्र उगवताना मोठा दिसतो हा भास आहे. हात लांब करून करंगळीच्या नखाशी त्याची तुलना करावी आणि तो वर चढल्यावर पुन्हा करावी, म्हणजे मोजमाप बदललेले नाही हे कळते. चंद्राचा प्रकाश आपल्यापर्यंत १.३ सेकंदांत पोहोचतो, सूर्याचा सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत.

सूर्य हा एक तारा आहे, हे लहान मुलांना लगेच पटत नाही. तो जवळ असल्यामुळे मोठा दिसतो, एवढे पुरते. तो जळत मात्र नाही. त्याच्या केंद्रात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमानाला हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यातून ऊर्जा मिळते. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश असते. त्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले आणि तिथून सूर्याचा अभ्यास करत आहे.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच तो परतवतो, म्हणजे त्याची माती पुष्कळशी गडद आहे. तो स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती एकाच कालावधीत फिरतो, म्हणून ससा किंवा हरीण म्हणून ओळखले जाणारे तेच डाग आपल्याला कायम दिसतात. पलीकडची बाजू माणसाने प्रथम १९५९ मध्ये, लुना ३ या सोव्हिएत यानाने पाठवलेल्या छायाचित्रांतून पाहिली. हे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्हाची मैदाने आहेत. चंद्रावर हवा नाही, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे, आणि विषुववृत्ताजवळ दुपारी सुमारे १२० अंश असलेले तापमान रात्री शून्याखाली सुमारे १३० अंशांपर्यंत उतरते. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांच्यापासून सुरू होऊन १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे तिथे चालून आली.

चांद्रयान-३ची गोष्ट सांगताना ती तिथीशी जोडावी. त्यातील विक्रम हे उतरणारे यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात उतरले, तेव्हा श्रावण शुद्ध सप्तमी होती. जिथे उजेड आणि अंधार यांची सीमारेषा असते, तिथे शुद्ध पक्षात सूर्योदय होत असतो. यान सौरऊर्जेवर चालणारे होते आणि चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा असतो, म्हणून दिवस नुकताच सुरू झालेली जागा उतरण्यासाठी निवडली होती. मुलांनी आपल्या वहीतील सप्तमीचे चित्र काढून पाहावे.

ग्रहणे

सूर्यग्रहण अमावास्येलाच आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते, हे सांगितल्यावर हुशार मूल विचारते की मग दर महिन्याला का होत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात कोणताही धोका नाही. खग्रास अवस्थेत चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचतो. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्रीचे ग्रहण तसेच होते. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा मात्र अरुंद असतो. २२ जुलै २००९ रोजी तो सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा असा गेला होता.

ग्रहणाचा विषय मुलांसमोर मांडण्यापूर्वी शहरातील महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण तारांगणात एखादी फेरी मारणे उपयुक्त ठरते, परंतु ती निरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर नाशिकमधून खंडग्रास सूर्यग्रहण दिसू शकेल. सिंहस्थाच्या जाहीर वेळापत्रकात पहिले अमृतस्नान त्याच दिवशी आहे, आणि हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही, कारण स्नान अमावास्येचे आहे आणि सूर्यग्रहणही अमावास्येखेरीज होत नाही. दिवस भर पावसाळ्यातला असल्यामुळे तयारी दोन प्रकारे करावी. प्रमाणित चष्मे काही महिने आधीच घ्यावेत आणि वापरण्यापूर्वी प्रत्येक चष्मा खोलीतील दिव्याकडे धरून त्याला भोक किंवा ओरखडा नाही याची खात्री करावी. त्याबरोबरच स्वयंपाकघरातील मोठ्या भोकांची चाळणी आणि पांढरा पुठ्ठा तयार ठेवावा. ऊन पडताच चाळणी पुठ्ठ्यापासून मीटरभर उंच धरली, तर प्रत्येक भोकातून ग्रासलेल्या सूर्याची एकेक प्रतिमा पुठ्ठ्यावर उमटते, आणि एकाच वेळी अनेक मुलांना सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहता येते. प्रतिमा धूसर आली तर चाळणी आणखी उंच धरावी किंवा दुसऱ्या पुठ्ठ्याला टाचणीने लहान भोक पाडून ते वापरावे.